गोठ, अनारसे आणि जगाचा अंत

आमच्या घरात गरम चहा कोणी कधी प्याला नाही. चुलीवर कण्यांचं भांडं चढवायचं असायचं, म्हणून आई चहाचं पातेलं आधी उतरवायची आणि चार कपांत गाळून ठेवायची. नेमकं तेव्हाच बाबा पुढच्या खोलीत खाकरायचे. ते खाकरणं म्हणजे आमच्या घरची घंटा. मग आई पदराला हात पुसत यायची, दादा डोळे चोळत यायचा आणि सगळ्यांच्या शेवटी मी. सतरंजीवर चौघं बसायचो. मध्ये बाबांचं जाडजूड बायबल, बाजूला कप. गीत, वाचन, मनन आणि मग बाबांची प्रार्थना. त्या प्रार्थनेत आमच्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले आजारी, मिशनच्या दवाखान्यातले आजारी, नवीन झालेलं महाराष्ट्र सरकार, मलकापूरची आत्या आणि तिची सासू, असे सगळे यायचे. चहावर तोवर साय धरलेली असायची. आतल्या खोलीत कण्या बुळुक बुळुक करत असायच्या आणि माझं सगळं लक्ष त्या बुळुकण्याकडे असायचं.

हे लिहायचं कारण सांगते. आता मंडळीतल्या नव्या मुली मला प्रार्थनेच्या आजी म्हणतात. परवा एकीनं विचारलं, "आजी, तुम्ही लहानपणापासून अशाच होता का हो?" मी नुसती गोड हसले. घरी आल्यावर त्या गोड हसण्याची मला लाज वाटली. म्हणून मी कशी होते ते एकदा कागदावर उतरवून मोकळी होते.

बाबा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. दिवसभर लाल, पिवळी औषधं बाटल्यांत भरायची आणि कागदाच्या पट्ट्या कातरून डोसाच्या खुणा चिकटवायच्या, हे त्यांचं काम. पण खरा जीव बायबलातल्या भाकितांत. दानीएल, योएल, जखऱ्या, आणि प्रकटीकरण तर विचारूच नका. वर्षभर रोज सकाळी एक तुकडा, आणि वर्ष संपलं की पुन्हा पहिल्यापासून. आणखी एक गंमत म्हणजे आमच्याशी बोलताना ते पक्के वऱ्हाडी, पण बायबल उघडलं की त्यांची भाषा बदलायची. देवाशी ते पुणेरी बोलायचे. "हे कृपाळू पित्या, आम्ही तुझ्या चरणी लीन होतो," असं म्हणून झालं, की त्याच दमात दादाला म्हणायचे, "काऊन बे, झोपून राह्यला का?" मला लहानपणी वाटायचं, देवाला वऱ्हाडी समजत नसणार.

वाचन झालं की प्रत्येकानं एक वाक्य मनन सांगायचं. दादा हुशार. तो प्रकटीकरणातल्या पशूच्या सात डोक्यांबद्दल असं काही बोलायचा की बाबा मान डोलवायचे. आई म्हणायची, "प्रभू भला आहे," आणि कण्या ढवळायला उठायची. आणि मी? माझ्याकडे तीन वाक्यं होती. हे वचन माझ्या मनाला लागलं, हे एक. देव आपली वचनं पाळतो, हे दुसरं. आपण जागं राहिलं पाहिजे, हे तिसरं. ती मी फिरवून फिरवून वापरायचे. तिसरं मी एकदा पेंगतच सांगितलं आणि सांगता सांगता दादाच्या खांद्यावर कलंडले. त्या दिवशी बाबांनी प्रार्थनेत माझं नाव दोनदा घेतलं.

आणि मग ते लावदिकीया गावच्या मंडळीला लिहिलेलं पत्र यायचं. प्रकटीकरणातलं. ती मंडळी ना थंड ना ऊन, कोमट, म्हणून प्रभू म्हणतो की मी तुम्हाला तोंडातून ओकून टाकणार. बाबांचा आवाज इथे हमखास चढायचा. एकदा ते वाचून झालं आणि दादानं कप उचलला, तोंडाला लावला आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "बाबा, चहा ओकून टाकू का?" आई खुदकन हसली. बाबांनाही हसू आलं, पण ते त्यांनी खाकरण्यात लपवलं. त्या दिवसापासून दादानं माझं नाव कोमटाबाई ठेवलं. मला राग यायचा, पण नाव बरोबर होतं. मी थंडही नव्हते. थंड असते तर निदान भांडले असते. मी सगळ्या गीतांना सूर द्यायचे, सगळ्या प्रार्थनांना आमेन म्हणायचे आणि मनात काही म्हणजे काही नसायचं.

माझं स्वतःचं बायबलही होतं. चौदावं लागलं तेव्हा बाबांनी मुंबईहून मागवलेलं. काळी कातडी, पानांना सोनेरी कडा. उपासनेत मी बाबांच्या मोठ्या बायबलात डोकावायचे आणि माझं ते रविवारी हातात धरून मिरवायचे. येत्या ईस्टरला माझा बाप्तिस्मा व्हायचा होता. माझ्या वयाच्या दोघी घेणार होत्या म्हणून मीही हो म्हणाले होते. पांढरं पातळ नेसायला मिळणार, हाही एक भाग होता. बाबा मात्र त्या दिवसाकडे डोळे लावून बसले होते. दवाखान्यात येणाऱ्या खोकल्याच्या पेशंटलासुद्धा सांगायचे, "आमच्या रूथचा बाप्तिस्मा हाये बरं का."

त्याच हिवाळ्यात अष्टग्रही आली. आठ ग्रह एका राशीत येणार आणि जग बुडणार, असं सगळीकडे झालं होतं. बाजारात तेच, विहिरीवर तेच. देवळात यज्ञ चालू होता, दिवसभर धूर आणि मंत्र. रहीम टेलर मशीन चालवता चालवता कयामतीच्या गोष्टी सांगायचे आणि त्यांच्याकडे शिवायला टाकलेले कपडे लोक घाईघाईनं मागून नेत होते. कशासाठी, ते मला आजही कळलेलं नाही. बाबांनी मात्र त्या आठवड्यात अष्टग्रहीचा 'अ'सुद्धा काढला नाही. त्यांचं जखऱ्या चालू होतं, ते तसंच चालू राहिलं.

आमच्या अंगणाला तुराट्यांचं कुंपण होतं. पलीकडे गोदाकाकू राहायची. नवरा नव्हता, मुलगा नागपूरला पोलिसात. आवाज असा की ती गाईशी बोलली तरी आम्हाला वाटायचं, आम्हाला हाक मारली. गोदाकाकूची एक गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती. तिची जाऊ पार्वती रोहिणखेडला असायची आणि दोघींचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. सासूचे चांदीचे गोठ, मनगटात घालायचे जाडजूड, सासू गेली त्या दिवशी नाहीसे झाले होते. सासूनं ते पार्वतीला द्यायचं कबूल केलेलं. पार्वती म्हणायची, गोदीनं घेतले. गोदाकाकूनं मारुतीच्या पारावर हात ठेवून शपथ घेतली की मी पाहिलेसुद्धा नाहीत. लोकांनी शपथेवर विश्वास ठेवला आणि पार्वतीलाच खोटं पाडलं. तेव्हापासून पार्वती या गावात आली नव्हती.

बुधवारची दुपार असेल. मी अंगणात तूर पाखडत होते. कुंपणापलीकडून काकूनं हाक मारली.

"रुते, एक इचारू का व?"

"विचारा ना काकू."

"भटजी म्हन्ते यज्ञ करा, रहीम टेलर म्हन्ते कयामत येते. पक्कं कोनीच सांगत नाई. तुमच्या घरी रोज सकाळी ते पुस्तक वाचतेत. त्याच्यात काय लिवलं हाये?"

आता इथे सरळ म्हणायचं होतं की काकू, बाबांना विचारा. पण आजवर मला कोणी काही महत्त्वाचं विचारलंच नव्हतं. घरात मी कोमटाबाई. इथे एक मोठी बाई माझ्या तोंडाकडे डोळे लावून उभी. मी सूप खाली ठेवलं आणि बाबांच्या पुणेरी आवाजात बोलू लागले. सूर्य काळवंडेल, म्हटलं. चंद्र रक्तासारखा होईल. तारे गळून पडतील. हे सगळं कानावरून गेलेलं कुठून कुठून बाहेर आलं आणि मलाच नवल वाटलं.

"पन कधी?" काकूनं विचारलं.

"रविवारी," मी म्हटलं. "संध्याकाळी. दिवे लागायच्या आधी."

वेळ मी माझी घातली. वेळ सांगितल्याशिवाय भाकीत पुरं वाटत नाही. काकूनं कुंपणाची तुराटी धरली. मग एकदम हळू आवाजात, तिचा आवाज इतका हळू होऊ शकतो हे मला तेव्हाच कळलं, ती म्हणाली, "अन् कोनी काई घेतलं असन दुसऱ्याचं, तं त्याचं काय होते?"

रविवारच्या शब्बाथ शाळेत ऐकलेला जक्कय, लबाडीनं घेतलेलं चौपट परत करणारा तो जकातदार, माझ्या मदतीला आला. मी म्हटलं, "चौपट परत करावं लागतं."

"चौपट?" काकूचा चेहराच पडला. "चौपट कुठून आनू व माय?"

मला दया आली. "नुसतं परत केलं तरी चालेल," मी म्हटलं. देवाच्या वतीनं मी सूट देऊन टाकली. काकूनं तुराटीला धरलेला हात सोडला आणि आत गेली. मी पुन्हा सूप उचललं. खरं सांगायला हरकत नाही, मला त्या दुपारी फार बरं वाटलं.

शनिवारी सकाळी काकू पातळ बदलून, हातात फडक्याचं गाठोडं घेऊन निघाली. आईनं विचारलं, कुठे निघालात? "रोहिनखेडले," काकू म्हणाली, "जावेकडं." आईच्या हातातली बादली तशीच राहिली. मी गाठोड्याकडे पाहिलं. त्यात काहीतरी जड, गोल होतं. मला दोन गोष्टी एकदम कळल्या. एक म्हणजे गोठ काकूकडेच होते. दुसरं म्हणजे माझ्या सांगण्यावरून ही बाई खरंच निघाली होती. काकूला हाक मारून थांबवायला पाहिजे होतं. मी नाही मारली. ती वळणापर्यंत दिसत होती, तेवढा वेळ मी पाहत उभी राहिले.

आणि आता कबुलीतला सर्वांत लाजिरवाणा भाग. आपलंच खोटं आपण इतकं ठासून सांगितलं की रविवार उजाडेपर्यंत मलाच ते थोडंथोडं खरं वाटायला लागलं. तसं असेल तर माझ्यासारखीनं काय करावं? गुडघे टेकावे, आईशी भांडले होते त्याची माफी मागावी, निदान एखादी प्रार्थना मनापासून करावी. मी काय केलं? आईनं नाताळचे सात अनारसे चर्चचे पाळकसाहेब यायचे म्हणून डब्यात राखून ठेवले होते. चर्चमधून आल्यावर, दुपारी सगळे पडले असताना, मी ते सातही खाल्ले. जग बुडणारच आहे तर खसखस लावलेला अनारसा कशाला बुडू द्यायचा, असा माझा विचार. गोदाकाकू रोहिणखेडला अकरा वर्षांचं पाप फेडत होती आणि मी कोठीघरात डब्याचं झाकण आवाज न करता लावत होते.

दिवे लागायची वेळ झाली. दिवे लागले. काकूच्या कोंबड्या आपल्या आपण खुराड्यात गेल्या, त्यांना बंद करायचं काम काकू माझ्यावर सोपवून गेली होती. चंद्राचा प्रश्नच नव्हता, अमावास्या होती. रात्रभर माझं पोट दुखलं, ते मात्र भाकितामुळे नव्हतं.

मंगळवारी सकाळी बाबा खाकरले, आम्ही सतरंजीवर बसलो आणि पहिलं गीत संपायच्या आत दारात गोदाकाकू उभी. चप्पल काढून ती आत आली आणि सरळ खाली बसली. बाबांनी बायबल मिटलं नाही, पण चष्मा काढला.

"कंपोंडर भाऊ," ती म्हणाली, "तुमच्या पुस्तकात रविवार लिवला होता. मले दाखवा."

"कोनता रविवार, बाई?"

"जग बुडायचा. तुमच्या रुतेनं सांगतलं. मी त्या भरवशावर रोहिनखेडले गेली. गोठ नेऊन पार्वतीच्या हातात देल्ले. समद्यांसमोर सांगतलं, का मीच घेतलते, शपथ खोटी होती. तिचे पोरं, सुना, शेजारी, समदे आयकून राह्यले होते. आता जग हाये तिथंच हाये, अन् समदं रोहिनखेड मले चोर म्हनून राह्यलं. इथं कळाले दोन दिवस लागन का? तं मले फक्त पाह्यचं हाये, लिवलं कुठं हाये ते."

दादानं माझ्याकडे पाहिलं. आईनं पाहिलं. बाबांनी मात्र पाहिलं नाही. त्यांनी शांतपणे म्हटलं, "रूथ, तुझं बायबल आन. तूच काढून दाखव. मत्तय, चोविसावा."

मी बायबल आणलं. काकूच्या समोर बसून मत्तय शोधू लागले. मत्तय म्हणजे नव्या कराराचं पहिलंच पुस्तक, पण जुना करार कुठे संपतो तेही मला नीट सापडेना. शेवटी बाबांनीच ते माझ्या हातातून घेतलं आणि बरोबर जागी उघडायला गेले. उघडलं नाही. पानं एकमेकांना चिकटलेली होती. कोऱ्या बायबलाच्या सोनेरी कडा तशा चिकटलेल्याच असतात, आणि पहिल्यांदा उघडताना चर्र असा बारीक आवाज येतो. बाबा अंगठ्याच्या नखानं एकेक पान सोडवू लागले. चर्र. चर्र. दोन वर्षांत ते पुस्तक कुणी उघडून वाचलेलं नाही, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ऐकू येत होतं. मी आयुष्यात पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत, पण त्या आवाजाइतकं मला काही लागलेलं नाही. पानाचा कोपरा किंचित फाटला तेव्हा बाबा थांबले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "थंड असती तरी चाललं असतं व बाई."

मग त्यांनी काकूला वाचून दाखवलं. तो दिवस आणि ती घटका कुणालाच ठाऊक नाही, देवदूतांना नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला. वाचताना त्यांनी बोट ओळीखाली धरलं होतं. काकूला वाचता येत नव्हतं, पण ती त्या बोटाबरोबर वाकून पाहत होती.

"म्हंजे रविवार नाई लिवला?"

"नाई."

"कोनताच वार नाई?"

"कोनताच नाई."

"मी खोटं सांगितलं, काकू," मी म्हटलं. "मला काहीच माहीत नव्हतं. तुम्ही विचारलं म्हणून मी सांगत सुटले."

काकूनं माझ्याकडे पाहिलं. ती उठून माझ्या मुस्काटात देईल असं मला वाटलं आणि तिनं द्यावी असंही वाटलं. पण ती बाबांकडे वळली. "मंग भाऊ, दिवसच माहीत नाई, तं तुम्ही रोज सकाळी हे वाचता कायले?"

बाबा उत्तर देणार होते. त्यांचं तोंड उघडलं होतं. पण त्यांनी ते मिटलं आणि म्हणाले, "रूथ, मनन."

माझी तिन्ही वाक्यं रांगेत येऊन उभी राहिली. आपण जागं राहिलं पाहिजे, हे तर अगदी तिथलंच होतं, त्याच अध्यायाचं. ते मला तोंडातून काढता आलं नाही. मी म्हटलं, "मला माहीत नाही, बाबा. मी कधी ऐकलंच नाही."

आत कण्या करपायला लागल्या होत्या, तरी आई उठली नाही. काकू फडक्याची रिकामी घडी मांडीवर घालून ती पुन्हा पुन्हा सारखी करत होती. मग आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "मले वाटते, म्हनूनच सांगत नाई तो. सांगतलं असतं, तं मी आदल्या दिवसापोतर गोठ कनगीतच ठेवले असते ना. नाई सांगतलं, तं मंग रोजच आदला दिवस."

बाबांनी कोटाच्या खिशातून पेन्सिल काढली, आपल्या मोठ्या बायबलाच्या कडेला ते लिहिलं आणि खाली 'गोदाबाई' असं नाव घातलं. ते बायबल दादाकडे आहे, पेन्सिल आता पुसट झाली आहे.

"गोठ परत मागनार का?" आईनं भीत भीत विचारलं.

"कायले मागू?" काकू म्हणाली. "गोठ गेले, नाव गेलं. पन अकरा वर्सानं तिच्या हातची भाकर खाल्ली, बाई. शनवारी रातच्यानं दोघी एका गोधडीत निजलो. मले वाटलं जग बुडन तं बुडो." आणि ती रडायला लागली, तिच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात. आई तिच्याजवळ सरकली आणि आपला चहाचा कप तिच्यापुढे केला. काकूनं डोळे पुसून एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "अव, हा तं कोमट झाला."

दादा हसला नाही, हे त्याच्या नावावर मी लिहून ठेवते.

बाबांनी मला शिक्षा केली नाही. अनारशांचं मी आपण होऊन सांगितलं, त्याची शिक्षा आईनं केली आणि ती रास्त होती. गावात काकूच्या नावाचा पुष्कळ दिवस गवगवा झाला. विहिरीवर बायका तिला बघून घागरी सरकवायच्या. तेव्हा मी तिच्याबरोबर पाण्याला जायला लागले, कारण मला दुसरं काही सुचत नव्हतं. ईस्टरच्या आधी मी बाबांना म्हटलं, मला यंदा बाप्तिस्मा नको, मी अजून तयार नाही. बाबांचा चेहरा उतरेल असं वाटलं होतं. ते म्हणाले, "हे तुझं पह्यलं मनन." मी पुढच्या वर्षी घेतला. काकू पार्वतीला घेऊन पाहायला आली होती. दोघींच्या हातात एकेक गोठ होता.

मी एकदम सुधारले असं कोणी समजू नये. कोमटपणा माझ्या हाडातच आहे. अजून प्रार्थनेत मला भाजी टाकायची आठवते. पण त्या मंगळवारपासून गोदाकाकूनं एक नवं सुरू केलं. पहाटे ती शेण काढायला उठायची आणि कुंपणापलीकडून, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात, मला विचारायची, "रुते, आज हाये का व?"

मी पांघरुणातून ओरडायचे, "माहीत नाही, काकू!"

"मंग ऊठ!"

लग्न होऊन मी त्या घरातून निघाले तोवर, पाच वर्षं, एक दिवस चुकला नाही. आता काकू नाही, बाबा नाहीत, तुराट्यांचं कुंपणही नाही. पहाटे जाग येते, गुडघे दुखत असतात, पांघरूण ऊबदार असतं आणि पडून राहावंसं वाटतं. तेव्हा मीच मला विचारते, आज हाये का व? माहीत नाही, मी म्हणते. आणि मग उठते.